चिंचोक्याची खळ

११ ऑक्टोबर २००३, शनिवार

बोलून बसले! आता मागे घेता येणार नाही.

स्टाफरूममध्ये दिवाळीच्या सुट्टीचं चाललं होतं. हांडे बाईंनी केरळच्या सहलीचं पत्रक आणलं होतं, सगळ्या त्यावर वाकलेल्या. आणि मी मध्येच म्हणाले, "आपल्या पोरांना कुकडेश्वराचं देऊळ कुठे आहे ते सांगता येत नाही, आणि आपण निघालो केरळला!" मग मी थांबलेच नाही. मंचरपासून दोन तासांच्या आत पोहोचता येईल तिथेच सुट्टी घालवायची. आणि आठवण म्हणून काही आणायचंच तर इथल्या माणसाच्या हातचं. गेल्या वर्षी मसुरीहून शाली आणल्या, त्या कुठल्यातरी गिरणीतल्या निघाल्या, हेही ऐकवलं.

हांडे बाई म्हणाल्या, "डिंभ्याच्या धरणावर सहल? अहो, आमचे हे तिथं मासे आणायला जातात!"

सगळ्या हसल्या. पण आमचं धरून सहा घरं तयार झाली. हांडे बाईसुद्धा.

घरी येऊन विचार केला — हे मी मुलखाच्या प्रेमापोटी बोलले, की केरळ आम्हाला झेपणार नाही म्हणून? दोन्ही. पहिलं मोठ्याने बोलले, दुसरं फक्त इथे.

२९ ऑक्टोबर, बुधवार. डिंभे

हांडे बाईंच्या नात्यातल्यांचं रिकामं घर मिळालंय. एसटी आलीच नाही, शेवटी जीप केली. दुपारी मुलं धरणाच्या पाण्यात, आम्ही काठावर. ताज्या माशांचं कालवण, तांदळाच्या भाकरी. हांडे बाई मासेमारीच्या होडीत बसून एक फेरी मारून आल्या आणि उतरताना म्हणाल्या, "चला, झालं माझं केरळ!" टोमणाच होता, पण चेहरा खुललेला होता.

माझं म्हणणं खरं ठरतंय. ते इतकं आवडतंय, की त्याचीच थोडी लाज वाटते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज पिंपरी पेंढार. रखमाजी म्हणून एक म्हातारे घोंगडी विणतात, असं ऐकलं होतं. घर सापडलं. ओटीवरच्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. अंगणात त्यांची बायको झुंबरबाई चरख्यावर सूत काढत होती. डोळे अधू असावेत, धागा अगदी नाकापाशी धरून बघत होती.

"पावणं कुठलं?"

"मंचरचे."

"मंग पावणं कशाला म्हनायचं! शेजारीच की."

सगळं दाखवलं त्यांनी. मेंढ्या भाच्याच्या, कातरतात रखमाजी स्वतः, सूत झुंबरबाईंचं. "पिंजाऱ्याचा हात सोडला तर मधी तिसऱ्याचा हात न्हाई."

झुंबरबाई तिकडून म्हणाल्या, "आनि माजी पाठ मोडती ती? ती न्हाई मोजली!"

हांडे बाईंनी घोंगडीला हात लावला. "अगंबाई, टोचतं की!"

"टोचनारच. मेंढराचं हाय बाई, मांजराचं न्हाई."

असं हसलो सगळ्या! सहाही घरांनी एकेक घेतली. काळीभोर, काठाला पांढरा पट्टा, पापडासारखी कडक. माझी घडी घालून देताना रखमाजी सांगायला लागले, "नवी हाय तवर कडक लागंल, पन हिला लगीच —" मी म्हणाले, "मला माहिती आहे हो. मी पिंपळवंडीची आहे. घोंगडीतच वाढलेय."

"मंग झालंच," म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार

फार वाईट झालं.

घोंगडीला मेंढराचा वास येत होता. हे म्हणाले, "ही पांघरून झोपायचं म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर झोपल्यासारखं वाटतं." म्हणून सकाळी बंबातलं कढत पाणी घेतलं, साबणाची पावडर टाकली आणि भिजत घातली. तासाभराने बघते तर बादलीत तपकिरी, बुळबुळीत पाणी. रंग सुटलेला! पिळून वाळत घातली — तिचा सगळा ताठपणा गेला, आकसली, लोळागोळा झाली.

मेंढीची काळी लोकर मुळात काळीच असते, तिचा रंग जाईल कसा? म्हणजे रंगवलेला धागा. म्हणजे मिलचा. पाण्याला एक आंबूस वास येत होता. ओळखीचा वाटला, कुठला ते आठवेना. असेल कसल्यातरी स्वस्त रंगाचा.

आपल्याच माणसाने फसवलं. मसुरीवाल्याने फसवलं तर तो परका होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली. सगळ्यांना सांगून टाकलं. मीच घ्यायला लावल्या होत्या, लपवणं बरोबर नाही. हांडे बाई वह्या तपासत राहिल्या. दोघी-तिघींनी, आता ती गड्याला देऊन टाकू, असं म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

जुन्नरच्या बाजारात गेले. मुद्दाम, घोंगडी पिशवीत घालून. रखमाजी आणि झुंबरबाई पोतं अंथरून बसले होते, पुढे पाच-सहा घोंगड्या. मी घोंगडी त्यांच्यासमोर टाकली आणि म्हणाले, "तुम्ही आम्हाला फसवलंत. रंग उतरला हिचा. मिलचा धागा आहे हा."

हळू बोलायचं ठरवलं होतं. आवाज चढला. माणसं थांबली.

रखमाजी काहीतरी खळीबिळीचं सांगायला लागले. मी म्हणाले, ते मला सांगू नका, धागा बघा, लोकर अशी होते का? त्यांनी घोंगडी उचलली, बोटांनी धागा मोकळा करायला बघितला. होईना, सगळा एकात एक गुंतलेला.

"तुमी तपासलं का बाई?"

"मी बी.एस्सी. आहे. रसायनशास्त्र शिकलेय."

त्यांनी झुंबरबाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग असंल."

गर्दीतला एकजण म्हणाला, "घ्या राव, घोंगडीबी डुप्लिकेट निघाया लागली आता!"

रखमाजी दुसरी घोंगडी द्यायला लागले. मी घेतली नाही. माझी पिशवीत कोंबली आणि परत आले. खरं बोलले, तरी जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर

त्या "मंग असंल"ला कबुली म्हणायचं ना? दुसरं काय म्हणायचं?

६ डिसेंबर, शनिवार

हांडे बाईंचे दीर, चिमाजीभाऊ, घरी आले होते. पिंपरी पेंढारच्या त्यांच्या मळ्यात शहरातल्या लोकांसाठी सुट्टीच्या खोल्या बांधताहेत. चुलीवरचं जेवण, मासवडी, बैलगाडी. म्हणाले, "तुमच्याच डोक्यातली कल्पना हाय, बाई. घरापाशी सुट्टी!" मला गुदगुल्या झाल्या. मग विचारलं, "खाटांवर टाकायला रखमाजीच्या तीस घोंगड्या घ्याव्या म्हणतो. गावातला शेवटचा माग हाय, तेवढाच चालता राहील. तुमचं काय मत?"

मी मत दिलं. लिहायचंसुद्धा जिवावर आलंय, पण लिहिते. "माणूस म्हणून चांगले असतील, पण मालाची खात्री नाही," असं म्हणाले.

१४ डिसेंबर, रविवार

आईला भेटायला पिंपळवंडीला जाताना जुन्नरच्या बाजारात उतरले. लांबूनच बघितलं. एका गिऱ्हाइकाने चहावाल्याची बादली आणली होती आणि घोंगडीचं टोक त्यात बुडवून बघायचा हट्ट धरला होता. रखमाजींनी घोंगडी छातीशी धरली होती. "नव्या घोंगडीला पानी दावत न्हाईत, राव."

"का? रंग जातोय का?"

आजूबाजूचे हसले. मला वाटलं, बघा, आणखी काय पुरावा हवा? झुंबरबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. एकटेच होते.

मी मागच्या गल्लीने स्टँडवर गेले. पुरावा मिळाला होता, तर मागच्या गल्लीने का गेले?

१ फेब्रुवारी २००४, रविवार

सगळं जसंच्या तसं लिहायचं.

गाद्या पिंजायला महंमद हनीफ आला होता. दरवर्षी येतो, जुन्नरचा. पडवीत कुत्र्याखाली ती घोंगडी अंथरलेली. त्याने खांद्यावरचं पिंजण खाली ठेवलं, घोंगडीचं टोक उचललं आणि म्हणाला, "या अल्ला! ही कुणी उकळली?"

मी म्हणाले, "उकळली नाही, धुतली. मिलची आहे ती. रंग गेला."

"कसला रंग? रखमाजीची हाय ही. काठ बघा ना. लोकर मीच पिंजली हिची." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, चिंचोक्याची खळ असती ती. सुताला चोपडतात. त्याबिगर माग चालत न्हाई. दोन पावसाळं वापरली की आपसूक मऊ पडती. गरम पानी अन् साबण म्हंजी — तुमी तिची आमटी केली की वो!"

मी तरी म्हणाले, "कशावरून?" अजूनही! त्याने एक धागा उपटला, काडी ओढली, धरला ज्योतीवर. धागा चुरचुरला. केस जळल्याचा वास पडवीभर.

"झालं? मिलचा असता तर मेणावानी वितळला असता."

तो गाद्या पिंजत बसला. तारेचा आवाज दिवसभर. आणि मला तो बादलीतला आंबूस वास आठवला. पिंपळवंडीला आम्ही पोरी चिंचोके गोळा करायचो, ओच्यात भरून विणकराच्या दारात नेऊन ओतायचो. तो मोठ्या पातेल्यात शिजवायचा. तोच वास! सहा वर्षांची होते तेव्हापासूनचा ओळखीचा. आणि मी म्हणाले, स्वस्त रंग.

२ फेब्रुवारी, सोमवार

आठवीचं विज्ञान. धागे ओळखण्याची चाचणी: लोकर जाळली की केस जळल्याचा वास येतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो. गेली एकोणीस वर्षं शिकवतेय. दरवर्षी फळ्यावर लिहिते.

एक काडी ओढायची होती फक्त.

८ फेब्रुवारी, रविवार

पिंपरी पेंढारला गेले. आज बाजार, रखमाजी जुन्नरला असणार, हे माहीत असून आजच गेले. हेही लिहून ठेवायला हवं.

झुंबरबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गरम पाणी, पावडर, खळ, हनीफ. माफी मागितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसा."

बसले.

"गौरीच्या टायमाला मला ताप व्हता. तवा सुताच्या चार लडी बहिनीकडनं आनल्या व्हत्या. तीबी लोकरच. पन तुमी बाजारात बोलला आन् ह्येंच्या डोक्यात तेच बसलं. घरी येऊन इचारलं — तुला दिसत न्हाई, तू काय घातलंस त्यात? पस्तीस वर्सं सूत काढतीया मी, बाई. कंदी लडी उलगडून बघितली न्हवती त्यांनी. त्या दिशी समद्या उलगडल्या."

मला तोंड वर करवेना.

"त्यांना म्हनलं, खळ असंल. तर म्हनले, बाई कालेजात शिकल्यात, तपासलंय त्यांनी."

चरखा भिंतीवर खुंटीला टांगलेला होता. चाकाला जळमट. मी विचारलं, "बसत नाही का आता?"

"तवापासून न्हाई बसले."

"मग सूत?"

"त्येंचं त्ये बघत्यात." शेंग फोडली. "तुमी मला कशाला सांगताय? बाजारात बोलला, बाजारातच सांगा. मोठ्यांदी बोलला व्हता, मोठ्यांदीच सांगा."

निघताना पदरात शेंगा घातल्या त्यांनी. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

चिमाजीभाऊंना फोन केला. सगळं कबूल केलं. ते खो खो हसले! "बाई, तुमी बी.एस्सी. झाला ते घोंगडी उकळाया?" तीस घोंगड्या आता नक्की घेतो म्हणाले. पण मे महिन्यात पाहुणे यायला लागतील, त्याआधी सगळ्या खाटांवर पाहिजेत. मी म्हणाले, सांगा त्यांना, करतील ते. त्यांनी सांगितलं, रखमाजी हो म्हणाले.

छातीवरचं ओझं थोडं उतरलं. फोनवर माफी मागणं सोपं असतं. बाजार अजून बाकी आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

पेपर तपासायचे होते. गेले नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

नणंद आली होती. गेले नाही.

२९ फेब्रुवारी, रविवार

काही कारण नव्हतं. गेले नाही.

२ मार्च, मंगळवार

स्टाफरूममध्ये तरी सांगितलं. सगळ्यांसमोर, उभं राहून. हांडे बाई म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. आमच्या सासूबाई पहिल्या दिवसापासून तीच पांघरतात. खळ आहे हे त्यांनी हात लावून सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला? तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर सांगत होतात."

त्या रागाने बोलल्या नाहीत. त्यामुळे जास्त लागलं.

१४ मार्च, रविवार

गेले! अखेर गेले.

रखमाजी त्याच जागी, एकटेच. पोत्यावर घोंगड्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. मला बघून उठायला लागले. मी म्हणाले, बसा. आणि उभी राहून, मोठ्याने, जसं त्या दिवशी बोलले होते तसंच, म्हणाले, "मी मंचरची शिक्षिका. नोव्हेंबरात इथेच ह्यांना खोटं म्हटलं होतं. चूक माझी होती. मी घोंगडी गरम पाण्यात घातली. उतरला तो रंग नव्हता, चिंचोक्याची खळ होती. ह्यांचा माल अस्सल लोकर आहे. माझी खात्री आहे."

माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, "बेस केलं बाई. असं कोन सांगतंय आजकाल?"

रखमाजी मान खाली घालून घोंगड्यांच्या घड्या सारख्या करत होते. दोनदा म्हणाले, "बाई, पुरं. हळू बोला."

मला वाटलं, किती साधा माणूस. स्वतःचं कौतुकही सोसत नाही.

माझ्यासमोर तीन घोंगड्या गेल्या. मीही एक उचलली. ते म्हणाले, "तुमी नगा घेऊ, बाई."

"का? अजून राग आहे?"

"राग न्हाई वो." माझ्याकडे बघितलं नाही. "तुमी नगा घेऊ."

मी हट्टाने घेतलीच. विचारलं, झुंबरबाई कशा आहेत? म्हणाले, "हाय." चिमाजीभाऊंच्या घोंगड्या? "हुत्याल. निम्म्या झाल्या."

येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. घोंगडी मांडीवर. चार महिन्यांनी पहिल्यांदा बाहेर बघत आले.

१७ मार्च, बुधवार

आठवीला धाग्यांची चाचणी आज प्रत्यक्ष दाखवायची ठरवलं. नव्या घोंगडीच्या दशीतला एक धागा तोडून नेला. मुलींना सांगितलं, ही आपल्या पिंपरी पेंढारची, आपल्या माणसाच्या हातची. मेणबत्ती लावली. धागा ज्योतीवर धरला.

आखडला. वितळला. चिमट्याच्या टोकाला काळा, टणक मणी.

चरखा खुंटीला, आणि महिन्याभरात पंधरा घोंगड्या, वर बाजारात ढीग — सूत कुठून येणार होतं? हळू बोला, म्हणत होते.

मणी मी मुठीत धरला. भाजला. चाळीस मुली माझ्याकडे बघत होत्या.

मी विचारलं, "आला ना केस जळल्याचा वास?"

"हो, बाई," सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आणि वहीत लिहून घेतलं.